कट्ट्याचा हिशोब

बेळगावहून नर्सिंग कॉलेजची पोरगी आली होती,
हिरेमठ आडनावाची, हातात तीस प्रश्नांची चळत.
"नाव नको अक्का, नुसती टिक करा."
मी डबा बाजूला सारला.
पाचशे मिली, आठ तास, वीस थेंबांचा सेट,
मिनिटाला किती?
एकवीस. हे मला झोपेतही येतं.
झोपेतच जास्त येतं. उशीवर बोट वाजवत
मी मोजत असते, आणि नवरा अंधारात विचारतो,
कुणाला लावलीस गं बाटली?

सुई कितव्या दिवशी बदलायची. टिक.
शीर लाल झाली, सुजली, तर आधी काय. टिक.
नळीत हवेचा बुडबुडा. इथं बोटाची ती टिचकी आठवली,
नळीवर मारायची. ती कुठल्याच पर्यायात नव्हती.

मग एकोणिसावा:
थेंबांच्या गतीवर लक्ष कोण ठेवतं?
अ, ब, क, ड.

पेन खाली ठेवलं.

मे महिना. निपाणीत वारा पडला की
वखारीतला तंबाखू वॉर्डात येऊन झोपतो.
सात नंबरच्या खाटेवर तायव्वा ढाले,
जुलाबानं वाळलेली, काळीज आधीचंच दमलेलं,
चाळीस वर्षं बिड्या वळून बोटांची टोकं पिवळी.
शीर सापडेना. डाव्या हाताची लपली, उजव्याची फुटली.
तिसऱ्यांदा तिचा हात कोमट फडक्यात गुंडाळून बसले.
ती म्हणाली, "दमानं घे बाई,
पान भिजल्याबिगर वळत न्हाई."
आणि शीर वर आली.

चाक एकवीसवर. बाटलीला पट्टी, पट्टीवर वेळ.
मुलाला बजावलं, हात लावू नका.
सिद्रामनं मान हलवली, डोळे घड्याळावर.
कागलच्या कारखान्यात सहाची पाळी होती त्याची.

साडेबाराला लेबर रूममधून बोलावणं आलं.
बावीस खाटा, मी एकटी. गेले.

परतताना कॉरिडॉरातच हाक ऐकली.
मोठी नव्हती, तेवढा दम कुठला:
"बाई, मगाशी मिन्टाला एक कट्टा बी भरत नव्हता,
आता तीन तीन व्हायल्यात."

कट्टा म्हणजे पंचवीस बिड्या.
मी घड्याळ धरलं, थेंब धरले.
पंचाहत्तर. एकानंही चुकली नव्हती.

चाक बंद. पाठीला दोन उशा. ऑक्सिजन.
स्टेथोस्कोपच्या टोकाला, छातीच्या तळाशी
ओल्या काटक्या तडतडत होत्या.
डॉक्टरांना फोन, लघवीचं इंजेक्शन,
मग पहाटेपर्यंत भांड्यात किती उतरलं ते मोजत बसणं.
दाराशी सिद्राम. "लवकर संपंल म्हणून..." एवढंच.
त्याला रागावले, कन्नडमध्ये रागावले.
राग आला की मला कन्नडच फुटतं,
शाळा संकेश्वरच्या सरकारी कन्नड शाळेतली.
मग आपोआप आवाज उतरला.
माझं बोट चाकावर नव्हतं
म्हणून त्याचं गेलं.

उजाडता उजाडता काटक्या विझल्या.
तायव्वानं चहा मागितला, मी दिला नाही,
तिनं मला एक अस्सल निपाणी शिवी दिली.
इतकं बरं वाटलं.

"अक्का, एकोणीस राहिला."
मी समासात लिहिलं: खाट नंबर सात.
पोरगी गोंधळली. असं लिहिलेलं धरता येत नाही,
कंप्युटर घेत नाही.
मग ब वर टिक केली. ब म्हणजे मी.

ती कागद जुळवत गेली. डबा गार झाला होता.
सातवर आज यमगर्णीचा एक पोरगा आहे,
दहा वर्षांचा, नजर नळीवरच.
विचारलं, मोजता येतं का रे?
"शंभरपर्यंत," म्हणाला.
"मराठीत मोजू का कन्नडमध्ये?"